चिकनसोबत कुठली व्हाईट वाईन?

प्रश्न : ताई, लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघं वाशीतच एका हॉटेलात जेवायला जातोय. चिकन नक्की, आणि ह्यांना व्हाईट वाईन घ्यायचीय, पण मेनूतली नावं बघूनच घाबरायला होतं. काय मागवू?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : अगं, घाबरतेस काय! चिकन म्हणजे व्हाईट असं सरसकट सांगतात ना, ते सोड, खरं बघायचं ते मसाल्याकडे. तिखटावर अल्कोहोल गेलं की जीभ अजूनच भाजते, त्यामुळे कोल्हापुरी किंवा चिकन सुक्का घेणार असाल तर जरा गोडसर आणि हलकी शेनिन ब्लां मागवा, आपल्या नाशिकचीच मिळते, सुला या वाईन कंपनीची तर बहुतेक ठिकाणी असतेच, आणि तो गोडवा तिखटाला बरोबर सांभाळून घेतो. हरियाली टिक्का, लिंबू, पुदिना चटणी असलं असेल तर सोविन्यों ब्लां, ती आंबटसर असते म्हणून जमतं. बटर चिकन, मलाई टिक्क्याला शार्डने चालेल पण ती महाग पडते, मी तरी शेनिनवरच भागवते.

वाईन थंड हवी, साधारण ८ ते १० डिग्री, कोमट आणली तर बिनधास्त बर्फाची बादली मागा, त्यात लाजायचं काय. ७५० मिलीच्या बाटलीत पाचेक ग्लास होतात, दोघांना जास्त वाटलं तर ग्लासवर मिळते का विचारा. आणि येताना गाडी नको, रिक्षाच करा हं!