अभिमानी देवरुगळे: राजकुमारांचे चाहते गर्विष्ठ नव्हेत

एका वाचकाने विचारलं आहे: "कन्नड नट डॉ. राजकुमार यांच्या जुन्या सभेची चित्रफीत पाहिली. बोलायला उभं राहिल्यावर ते समोरच्या गर्दीला 'अभिमानी देवरुगळे' अशी हाक मारतात. खाली मराठीत 'स्वाभिमानी देवांनो' असं लिहिलं होतं. हे बरोबर आहे का? आणि त्यांच्या नावाआधी लागणारं 'वरनट' काय आहे? वर म्हणजे नवरा ना?"

भाषांतर चुकलं आहे. कन्नडमध्ये अभिमानी म्हणजे चाहता, आपण सरळ फॅन म्हणतो तो. बेंगळुरूत किंवा हुबळीत एखाद्या फलकावर 'राजकुमार अभिमानिगळ संघ' लिहिलेलं दिसलं, तर ती गर्विष्ठ माणसांची संघटना नसून चाहता मंडळ असतं. उरलेला शब्दही उलगडून सांगतो. 'देव'ला आदरार्थी 'रु' लागून 'देवरु' होतं, एकाच देवालाही कन्नड माणूस देवरुच म्हणतो. म्हणून अनेक देव म्हणायचे तर त्यापुढे आणखी 'गळु' जोडावं लागतं, आणि हाक मारताना शेवटी 'ए' येतो. 'चाहतेरूपी देवांनो' असा त्याचा अर्थ. (कन्नडमध्ये अभिमानीतली शेवटची इ ऱ्हस्व आहे. मराठीच्या नियमाप्रमाणे मी ती दीर्घ लिहितो आहे, कन्नडवाल्यांनी रागावू नये.)

तेलुगूतही चाहता म्हणजे अभिमानीच. तमिळमध्ये मात्र तो 'रसिगर', म्हणजे आपला रसिक, आणि मलयाळममध्ये 'आराधकन्'. संस्कृतचं कोठार एकच, पण सिनेमावेड्या माणसासाठी कोणी त्यातून अभिमान उचलला, कोणी रस, कोणी आराधना. आपण 'चाहता'वर भागवलं.

आता मुळाकडे. अभिमान हा शब्द अभि आणि मन् या धातूपासून आला. एखाद्या गोष्टीकडे मन लावणं, तिला 'ही माझी' असं मानणं, हा त्याचा गाभा. संस्कृत कोशांत गर्वाच्या जोडीला 'स्नेह, ओढ' हेही अर्थ दिलेले आहेत. वेदान्तातला देहाभिमान म्हणजे 'देहच मी' ही समजूत, सुंदर शरीराचा तोरा नव्हे. 'अभिमानी देवता' हा प्रयोगही तिथलाच: अग्नी, वायू अशा एकेका तत्त्वाला आपलं मानून त्यात राहणारी ती देवता. हे 'माझं' मानणं स्वतःकडे वळलं की गर्व होतो, दुसऱ्याकडे वळलं की आपुलकी होते.

मराठीत आपण बहुतेक पहिल्या वाटेने गेलो. 'मला मुलीचा अभिमान वाटतो' हे चांगलं, पण 'तो फार अभिमानी आहे' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. म्हणून स्तुती करायची तर पुढे 'स्व' लावावा लागतो, निंदा करायची तर 'दुर्'. तुमच्या भाषांतरकाराने नेमका तोच 'स्व' घरून आणला. नुसतं 'अभिमानी देवांनो' त्यालाही खटकलं असणार. कन्नडमध्ये मुलाचा अभिमान वाटतो तिथे 'हेम्मे' हा शब्द सहज येतो, ताठ्यासाठी गर्व, अहंकार, जंभ आहेत. त्यामुळे अभिमानाला प्रेमाकडे सरकायला मोकळं रान मिळालं. तरी 'कन्नडाभिमानी', 'भाषाभिमान' ही रूपं तिथेही आपल्यासारखीच चालतात, दोन्ही अर्थ एका घरात नांदतात.

पण दुसरी वाट मराठीला अगदीच अनोळखी होती असं समजू नका. मनाचे श्लोक लहानपणी पाठ केले असतील तर आठवा: 'नुपेक्षी कदा राम दासाभिमानी'. इथे राम दासांबद्दल गर्विष्ठ आहे असं कोणी म्हणेल का? दासांना आपलं मानणारा, त्यांचा कैवारी, असाच तो अभिमानी. याच श्लोकांत पुढे 'देव भक्ताभिमानी'ही येतो. म्हणजे कन्नडमधला अर्थ आपल्याकडे तीनेकशे वर्षांपूर्वी रोज संध्याकाळी घराघरांत म्हटला जात होता, आपण तो पाठांतरात ठेवला आणि बोलण्यातून सोडून दिला.

मला यात गंमत वाटते ती दिशेची. समर्थांकडे देव हा भक्ताचा अभिमानी. राजकुमारांच्या हाकेत अभिमानी झाला प्रेक्षक, आणि देवपणही त्यालाच मिळालं. मग भक्त कोण उरला? नट स्वतः.

ही नुसती सभेतली गोड बोलणी नव्हती, असं त्यांची कारकीर्द पाहिली की वाटतं. २४ एप्रिल १९२९ रोजी गाजनूरला जन्मलेला मुत्तुराजू हा नाटकवाल्याचा मुलगा. वडील पुट्टस्वामय्या रंगभूमीवरचे नट, आणि गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत बापलेक दोघेही. १९५४ मध्ये दिग्दर्शक एच. एल. एन. सिंहा यांनी 'बेडर कण्णप्पा'त त्यांना नायक केलं आणि राजकुमार हे नावही दिलं. कण्णप्पा हा शिवाला आपले डोळे काढून देणारा व्याध. पुढे १९६० मध्ये 'भक्त कनकदास'. १९६३ मध्ये कन्नड 'संत तुकाराम'मध्ये आपले तुकोबा, आणि १९७४ मध्ये 'भक्त कुंबार'मध्ये आपले गोरोबाकाका. पंढरीचे दोन भक्त ज्याने कन्नडमध्ये उभे केले, त्याच्या तोंडी 'देवरु' शब्द उपरा वाटत नाही.

अर्थात भक्तपटच केले असं नाही. गुप्तहेर झाले, 'मयूर'मध्ये कदंब राजा झाले, 'बंगारद मनुष्य'मध्ये (१९७२) गावी परतून शेती करणारा माणूस झाले. २००० पर्यंत दोनशेच्या वर चित्रपट, आणि १९५४ मधला एक तेलुगू सोडला तर सगळे कन्नड. आधी पी. बी. श्रीनिवास यांचा आवाज त्यांना असे, सत्तरच्या दशकात ते स्वतःच गाऊ लागले आणि 'जीवन चैत्र'मधल्या गाण्यासाठी पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कारही घेतला. फाळके पुरस्कार, कर्नाटक रत्न वगैरे आलंच. लोक मात्र त्यांना 'अण्णावरु' म्हणत. अण्णा आपलाच (खरं तर त्यांचाच, आपण उसना घेतलेला) आणि 'अवरु' आदरार्थी, आपल्या 'राव', 'जी'सारखा.

'अभिमानी'चे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले ते १९८२ मध्ये. शाळांत कन्नडला पहिल्या भाषेचं स्थान द्या, अशी शिफारस करणाऱ्या गोकाक समितीच्या अहवालासाठी आंदोलन पेटलं आणि राजकुमार त्याचं नेतृत्व करत राज्यभर फिरले. कालपर्यंत जो राजकुमाराभिमानी होता, तो सभेतून घरी जाताना कन्नडाभिमानी होऊन गेला. सीमाभागातल्या मराठी घरांत त्या आंदोलनाची आठवण वेगळी निघते, हे खरंच आहे. पण शब्दाचा प्रवास सांगताना ते वळण टाळता येत नाही.

ही हाक त्यांच्या घरातही राहिली. धाकटे चिरंजीव पुनीत यांच्या २०१६ मधल्या 'दोड्मने हुड्ग'मध्ये 'अभिमानिगळे नम्मने देवरु' या ओळीचं गाणंच आहे. 'नम्मने' म्हणजे आमच्या घरचे, आणि 'मनेदेवरु' म्हणजे कुलदैवत. नुसत्या देवापेक्षा हे जास्त जवळचं, कारण कुलदैवत निवडता येत नाही. २००६ मध्ये राजकुमार गेले तेव्हा त्यांचे डोळे दान केले गेले. २०२१ मध्ये पुनीत गेले तेव्हा त्यांचेही, आणि त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे अर्ज भरायला अभिमान्यांची रीघ लागली. (हे अनेकवचन मी आत्ताच घडवलं. चालवून घ्या.)

मग मराठीत काय लिहावं? नाटकवाला असता तर 'मायबाप रसिकहो' म्हणाला असता, आणि प्रसंग म्हणून ते चपखल बसतं. पण मायबाप म्हटल्याने नातं घरातलं होतं आणि पूजेचा भाव निघून जातो. मी 'माझ्या चाहते-देवांनो' असं लिहीन. कानाला थोडं खडबडीत लागतं, तरी मूळ शब्द कन्नड कानालाही जोडून ठेवलेलाच वाटतो. 'स्वाभिमानी' मात्र नक्की खोडा. आणि कन्नडमधून भाषांतर करणाऱ्याने ओळखीच्या संस्कृत शब्दापाशीच जास्त सावध असावं: तिथे प्रपंच म्हणजे जग, अवसर म्हणजे घाई आणि उपन्यास म्हणजे व्याख्यान.

आता 'वरनट'. नवऱ्याचा इथे संबंध नाही. वर म्हणजे श्रेष्ठ, हा अर्थ आपण मुनिवर, कविवर यांत मागे जोडून वापरतो, कन्नडने तो पुढे जोडला. शिवाय वर म्हणजे वरदानही. धारवाडचे द. रा. बेंद्रे, ज्यांच्या घरात मराठी बोलली जाई आणि जे कन्नडचे थोर कवी झाले, त्यांना कन्नड लोक 'वरकवी' म्हणतात, म्हणजे देवाने वर दिलेला कवी. वरनट त्याच घडणीचा शब्द आहे. मराठीत 'नटश्रेष्ठ' लिहिलंत तर अर्ध्याहून अधिक अर्थ पोचतो. नटसार्वभौम हे त्यांचं दुसरं बिरूद तर जसंच्या तसं ठेवा, त्याला भाषांतर लागत नाही.