विरळ झालेली हिरवळ हरळीने भरताना

थंडीत हरळीची वाढ मंदावत असल्यामुळे त्या दिवसांत लावण्याची घाई करू नये. मृगाचा पाऊस नीट मुरल्यावर, जूनअखेर ते जुलैत काम हाती घ्यावे. आपल्याकडील भारी काळी माती सततच्या ये-जा करण्याने घट्ट दबते आणि खरे दुखणे तेच असते, म्हणून वाफसा (चिखल नाही आणि कोरडीही नाही, अशी मातीतली ओल) येताच उघडी पडलेली जागा वीतभर खोदून, ढेकळे फोडून चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. हरळीच्या काड्यांचे 2-3 पेरांचे तुकडे 10 ते 15 सेंटीमीटर अंतरावर, शेंडा बाहेर ठेवून मातीत दाबावेत. कडुनिंबाच्या दाट सावलीत मात्र हरळी टिकत नाही. तिथला हट्ट सोडावा. कोंब एकमेकांत गुंतेपर्यंत लावलेल्या जागेवरून कोणालाही चालू देऊ नये, आणि उरलेल्या काड्या चुकूनही वावरात टाकू नयेत, कारण कपाशीत शिरलेली हरळी कितीही निंदली तरी पुन्हा फुटते.