दंड भरून मोकळी होऊ का, असं विचारलंस म्हणून

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

कोजागरीला मसाला दूध वाटताना तू मला विचारलंस, "मावशी, पुढच्या महिन्यात मला सव्वीस पूर्ण होतील. बाबांच्या हेल्थ इन्शुरन्समधून नाव निघणार. नवा प्लॅन घ्यायचा तर दर महिन्याला हप्ता, नाही घेतला तर वर्षाला ६९५ डॉलर दंड. मग दंड भरून मोकळी होऊ का?" भोवती माणसं होती, म्हणून मी नंतर बोलू म्हटलं. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते. नाशिकला सातवीपर्यंत मराठी शाळेत होतीस, तेव्हा वाचायला अडचण यायची नाही.

आधी तो आकडा. ६९५ हा अमेरिकेतल्या आपल्या न्यू जर्सी राज्यात, विमा नसलेल्या एकट्या माणसाचा वर्षाचा कमीत कमी दंड आहे. उत्पन्न वाढेल तसा तो वाढतो, आणि राज्यातल्या सरासरी ब्राँझ, म्हणजे कमी हप्त्याच्या पायरीतल्या, प्लॅनच्या वर्षाच्या हप्त्यापर्यंत जाऊ शकतो. तुझ्या कमाईला तो हजाराच्या पुढे सहज जाईल. जेवढे महिने विमा नाही तेवढ्या महिन्यांचा हिशोब होतो, मधे तीन महिन्यांपेक्षा कमी खंड पडला तर माफी मिळते. हे सगळं राज्याच्या टॅक्स रिटर्नमध्ये भरावं लागतं. म्हणजे तुझं गणित मुळातच चुकीच्या आकड्यावर उभं आहे.

तू पुढे आणखी एक म्हणालीस, ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. "मी काय विकत घ्यायचं हे सरकारने का ठरवावं?" हा प्रश्न पोरकट नाही. या देशात तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१० साली ओबामांनी ज्या कायद्यावर सही केली त्यात ही सक्ती होती, आणि २०१४ पासून विमा नसलेल्यांना केंद्राचा दंड लागू झाला. पहिल्या वर्षी ९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या १ टक्का, यातलं जे जास्त असेल ते. २०१६ पर्यंत ६९५ किंवा अडीच टक्के. न्यायालयात न्यायमूर्ती स्कालियांनी विचारलं होतं की, आज विमा घ्यायला लावता, मग उद्या सरकार लोकांना ब्रोकोली घ्यायला लावू शकेल का? जून २०१२ मध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं की व्यापाराचं नियमन करायच्या अधिकाराखाली सरकार अशी खरेदी लादू शकत नाही, पण न घेणाऱ्यावर कर मात्र लावू शकतं. दंड टिकला तो कर म्हणून.

हा एका पक्षाचा हट्ट होता असंही समजू नकोस. मॅसॅच्युसेट्समध्ये अशीच सक्ती २००६ साली रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी आणली होती. आणि स्वतः ओबामा २००८ च्या उमेदवारीच्या लढतीत या सक्तीच्या विरोधात बोलत होते, हिलरी क्लिंटन बाजूने. चांगल्या चांगल्यांची मतं यावर फिरली आहेत. माझंही एकाच जागी राहिलेलं नाही.

सक्तीची गरज का पडली, ते तुला भिशीवरून सांगते. तुझ्या आजीची भिशी तू पाहिली आहेस. तिथे प्रत्येकीचा नंबर लागतोच, म्हणून प्रत्येकजण निमूट पैसे भरते. विम्यात आपला नंबर लागू नये अशीच इच्छा असते. आता समज, भिशीत असा नियम केला की कोणीही केव्हाही आत यावं, अगदी नंबर लागायच्या आदल्या दिवशीसुद्धा. पहिल्या महिन्यापासून कोण पैसे भरेल? आजार असलेल्या माणसाला विमा नाकारायचा नाही, त्याच्याकडून जास्त हप्ता घ्यायचा नाही, हा नियम मला या कायद्यातला सगळ्यात माणुसकीचा वाटतो. पण तो एकटा टिकत नाही. हे आपल्याच राज्याने अनुभवलं आहे. १९९३ पासून न्यू जर्सीत स्वतः विमा घेणाऱ्याला आजार बघून नाकारायची सोय राहिली नव्हती, मात्र घ्यायची सक्तीही नव्हती. हप्ते वाढत गेले, धडधाकट माणसं बाहेर पडली, त्यामुळे हप्ते आणखी वाढले.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एकोणीस वर्षं मी हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काढली. १९८६ च्या केंद्राच्या कायद्याने इमर्जन्सीत आलेल्या माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, तपासून स्थिर करावंच लागतं. ते योग्यच आहे. पण नंतर बिल जातं, आणि विमा नसलेल्याच्या नावावर ते बऱ्याचदा पूर्ण छापील दराने निघतं. विमा कंपनीने घासाघीस करून ठरवलेला दर त्याला मिळत नाही. मग फोन येतात. "ताई, यात काही कमी होईल का?" मराठी नाव दिसलं की लोक मराठीत रडतात गं. मी अर्ज सांगायचे, चॅरिटी केअरचे, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना बिलात सूट देणाऱ्या योजनेचे, कागद सांगायचे. काहींचं व्हायचं, काहींचं उत्पन्न थोडं जास्त निघायचं आणि दार बंद व्हायचं.

आमच्याच घरातलं सांगते, आजवर तुला सांगितलं नव्हतं. २००२ मध्ये काकांची नोकरी गेली. नोकरी सुटल्यावरही जुनाच विमा कोब्रा नावाच्या केंद्राच्या कायद्याखाली चालू ठेवता आला असता, पण पूर्ण हप्ता आपण भरायचा आणि वर २ टक्के. तो आकडा बघूनच आम्ही कागद ड्रॉवरमध्ये टाकला. दोघं तिशीत, धट्टेकट्टे. मी तेव्हा या कामात नव्हते, म्हणून त्या कागदावर काय लिहिलंय ते वाचलंच नाही. साठ दिवसांच्या आत होकार कळवला असता तर विमा मागच्या तारखेपासून लागू झाला असता, म्हणजे आजारी पडल्यावरसुद्धा घेता आला असता. काकांचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा सत्तर दिवस झाले होते. ते बिल आम्ही पाच वर्षं फेडलं. त्या पाच वर्षांत मी एकदाही भारतात गेले नाही. माझे वडील त्याच काळात गेले.

तेव्हा दंडाचा कायदा असता तर आम्ही विमा घेतला असता का? खूप वेळा विचार केला यावर. ९५ डॉलरच्या भीतीने बहुतेक नसता घेतला. पण कोणी दार ठोठावून सांगितलं असतं की तुमची मुदत अमुक तारखेला संपते, तर घेतला असता.

म्हणूनच मला एक अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. २०१७ च्या सुरुवातीला आयआरएसने, म्हणजे केंद्राच्या करखात्याने, दंड भरलेल्या सुमारे ३९ लाख कुटुंबांना एक साधं पत्र पाठवलं. तुम्ही दंड भरलात, विमा कसा मिळेल ते असं असं. सगळ्यांना पाठवायला पैसे पुरले नाहीत, म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून सुमारे ६ लाख वगळले. संशोधकांनी पुढे दोन्ही गट ताडून पाहिले. पत्र मिळालेल्यांपैकी जास्त जणांनी विमा घेतला. आणि आधी विमा नसलेल्या ४५ ते ६४ वयाच्या माणसांत दर १,६४८ पत्रांमागे एक मृत्यू कमी झाला. एका पत्रामुळे! दंडाची यादी होती म्हणून ते पत्र कोणाला पाठवायचं हे कळलं. मला दंडाचा मोठा उपयोग हाच वाटतो.

विरोधकांचं म्हणणंही मी मनावर घेतलं आहे. दंड भरणाऱ्यांत वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या आत कमावणारे खूप होते. ज्यांना हप्ता परवडत नव्हता त्यांच्याच रिफंडमधून पैसे कापले जात होते, आणि हातात काहीच पडत नव्हतं. डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने केंद्राचा दंड २०१९ पासून शून्यावर आणला, तेव्हा बाजार कोसळेल अशी माझी खात्री होती. तो कोसळला नाही. लोकांना धरून ठेवणारी गोष्ट दंडापेक्षा हप्त्यातली सरकारी मदत होती, हे मला तेव्हा मान्य करावं लागलं. मदत न देता नुसता दंड लावणं मला अन्याय वाटतो. आपल्या राज्याने २०१९ पासून स्वतःचा दंड लावला, पण त्यातून येणारा पैसा हप्ते खाली ठेवण्याच्या योजनेत वळवला. म्हणून इथल्या दंडाला माझा पाठिंबा आहे.

पण बाळा, या वादात तू कोणत्याही बाजूला उभी राहा, त्यावरून तुझा विमा ठरवू नकोस. सरकारने सक्ती करावी की नाही, हा मतदानाच्या वेळी विचारायचा प्रश्न. रात्री दोन वाजता पोटात कळ आली तर कुठे जायचं, हा तुझ्या घरचा प्रश्न. कोजागरीला तू पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देत होतीस. हप्ता जड वाटत असेल तर तसं मोकळेपणाने म्हण, त्यात कमीपणा नाही, आणि त्यावर काही करता येतं.

काय करता येतं ते सांगते. तू कॉन्ट्रॅक्टवर आहेस, तुझी कंपनी विमा देत नाही, म्हणून गेट कव्हर्ड न्यू जर्सी या राज्याच्या विमा घ्यायच्या वेबसाइटवर तुझं पुढच्या वर्षाचं अंदाजे उत्पन्न घालून बघ. मैत्रिणीचा दोन वर्षांपूर्वीचा हप्ता ऐकून निर्णय घेऊ नकोस, केंद्राची वाढीव मदत २०२५ अखेर संपली आहे. राज्याची वेगळी मदत असते, तीही तिथेच दिसेल. बाबांच्या कंपनीला विचार की त्यांचा प्लॅन राज्याच्या नियमाखाली येतो का. येत असेल तर आपल्याकडे अटी पाळून एकतीस वर्षांपर्यंत नाव चालू ठेवायची सोय आहे. कंपनी स्वतःच्या पैशातून क्लेम भरत असेल तर ती लागू होत नाही. मोठ्या कंपन्यांत बहुधा तसंच असतं.

प्लॅन निवडताना नुसता हप्ता बघू नकोस. डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम, किती, आणि वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं, ही ओळ आधी वाच. आमच्या वेळी त्या ओळीला काही मर्यादाच नव्हती. आणि आईवडील भारतातून येतात तेव्हा आपण त्यांच्यासाठी जो व्हिजिटर इन्शुरन्स घेतो, तसल्या स्वस्त प्लॅनच्या जाहिराती तुला दिसतील. थोड्या मुदतीचे, किंवा "हेल्थ शेअरिंग" वाले, म्हणजे सभासदच एकमेकांची बिलं वाटून घेतात ते. थोड्या मुदतीच्या प्लॅनने दंडही टळत नाही, आणि जुन्या आजाराला असले प्लॅन बहुधा हातही लावत नाहीत. तुला लहानपणापासून दमा आहे, हे विसरू नकोस. २०१४ च्या आधी त्या एका शब्दावरून बऱ्याच राज्यांत तुला विमा नाकारला जाऊ शकला असता.

मुदतीचं सगळ्यात शेवटी लिहिते, कारण माझं तिथेच चुकलं. बाबांचा प्लॅन साधारण वाढदिवसाच्या महिनाअखेरीस संपेल. तेव्हापासून साठ दिवस तुझ्या हातात आहेत. नेमकी तारीख बाबांच्या ऑफिसातून लेखी मागून घे, तोंडी नको. गेल्या वर्षीचं रिटर्न आणि यंदाच्या पैसे आल्याच्या पावत्या घेऊन रविवारी सकाळी ये. काका पोहे करतील. आपण दोघी कॉम्प्युटरसमोर बसू आणि उठायच्या आधी अर्ज भरून टाकू.

तुझी,
मावशी