स्क्रीनवरचं अ‍ॅव्हरेज बघून घाबरू नका

नव्या गाडीबद्दल अभिनंदन! स्क्रीनवर लिटरला ९ किमी एवढंच अ‍ॅव्हरेज दिसतंय म्हणालात, पण म्हणून लगेच सर्व्हिस सेंटर गाठू नका. सकाळी अंधेरी ते दादर एसी लावून रखडलात की पेट्रोल जळत राहतं, किलोमीटर मात्र पुढे सरकत नाहीत.

आधी एवढंच करा. टाकी फुल करा. नोझल आपोआप बंद झालं की बास, राउंड फिगरसाठी वरून ओतू देऊ नका. तिथेच ट्रिप बी (धावलेले किलोमीटर मोजणारा दुसरा ट्रिप मीटर) शून्य करा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर फुल करा आणि धावलेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागा. ४२० किमी, ३० लिटर, म्हणजे १४. स्क्रीन १५ म्हणत असेल तर तो बिघाड नव्हे. ती इंजेक्टरमधून (इंजिनात इंधन सोडणारा भाग) गेलेल्या इंधनाचा हिशोब मांडते, आणि बहुतेकदा जरा उदारच असते.

नवखे हमखास करतात त्या चुका:
- क्षणाक्षणाला नाचणारा आकडा बघत बसणं. सरासरीचा बघा, तोही गाडी थांबल्यावर.
- सरासरीचा आकडा रोज रिसेट करणं. (मीही दोन महिने हेच केलं!)
- एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या अ‍ॅव्हरेजच्या आकड्याशी तुलना. ती चाचणी प्रयोगशाळेत होते, सायनच्या सिग्नलवर नाही.

तीन टाक्या होऊ द्या, मग आकडे घेऊन या. टायरची हवा मात्र उद्याच तपासा, टायर थंड असताना.