वादळात वारा किती, पाणी किती?

म्हापशाहून एका वाचकाने विचारलंय: आपल्याकडे ‘अति तीव्र चक्रीवादळ’ म्हणतात, अमेरिकेच्या बातमीत ‘कॅटेगरी तीन’; यातली तीव्रता म्हणजे नुकसानीचाच अंदाज ना? आणि ‘कॅटेगरी’ला मराठीत काय म्हणावं?

नुकसानीचा अंदाज? मुळीच नाही. ‘तीव्रता घटली, धोका टळला’ हे वाक्य तर आता कानाला टोचतं. ही तीव्रता फक्त वाऱ्याच्या वेगाची. आपल्या हवामान खात्याच्या लेखी ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र, ११८ पासून अति तीव्र. अमेरिकेत सॅफिर हा इंजिनिअर आणि सिम्पसन हा हवामानतज्ज्ञ, या दोघांच्या नावाची पाच पायऱ्यांची मोजपट्टी आहे. तिच्यात पूर्वी समुद्राच्या उधाणाचाही हिशेब असे. २०१० मध्ये तो काढला आणि नुसता वारा उरला. पाऊस किती, घेर केवढा, वादळ किती वेळ रेंगाळणार, यातलं काहीच त्या आकड्यात नाही. २००५ चं कतरिना भर समुद्रात पाचव्या पायरीवर होतं, लुइझियानाच्या किनाऱ्याला लागताना तिसऱ्या. ‘घटलं’ म्हणायचं तर घटलंच होतं. उधाणाने बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली गेलं.

आता खरी गंमत. ‘वादळ’ हा शब्दच मुळात वाऱ्याचा नाही, पाण्याचा आहे! संस्कृत ‘वार्’ म्हणजे पाणी. त्यावरून ‘वार्दल’, म्हणजे पावसाळी दिवस (कोशात याच शब्दाचा आणखी एक अर्थ दिलाय, शाईची दौत). प्राकृतात ‘वद्दल’, हिंदीत ‘बादल’, आपल्याकडे ‘वादळ’. ‘कर्म’चं ‘कम्म’ आणि मग ‘काम’ झालं, तीच वाट.

‘वात’वरून ‘वादळ’ काढणारे विद्वान भेटतात, त्यांना माझा एकच प्रश्न: दोन स्वरांमधला ‘त’ मराठीत टिकतो कुठे? ‘माता’ची ‘माय’ झाली, ‘घाता’चा ‘घाव’ झाला. मग ‘वाता’तल्या ‘त’नेच ‘द’ होऊन तग धरला, हे कोणत्या नियमाने? वाऱ्याचाच शब्द हवा असेल तर ‘वावटळ’ घ्या. तिच्यातल्या ‘वाव’मध्ये वात बसलाय असं माझं मत आहे. आणि ‘तुफान’? अरबीत त्याचा अर्थ महापूर. कुराणातल्या नूहच्या (बायबलातल्या नोहाच्या) गोष्टीतला प्रलय तो हाच. दोन्ही शब्दांच्या पोटात पाणी निघावं, याचा मला फार आनंद होतो.

१६ मे २०२१ ला तौक्ते गोव्याजवळून गेलं, तेव्हा त्याचं केंद्र समुद्रातच होतं. किनाऱ्याला ते लागलं दुसऱ्या रात्री, गुजरातेत. तरी आमच्या परसातला आंबा मुळासकट आडवा झाला. खोड कुठे मोडलं नव्हतं. पावसाने भिजून माती ढिली झाली होती, मुळांना चिकटलेला तिचा लगदा हाताने पिळला तर पाणी गळत होतं. वाऱ्याने फक्त शेवटचा धक्का दिला.

हां, ‘कॅटेगरी’. ‘श्रेणी’ म्हणा, पण नुसती ‘वादळाची’ नको, ‘वाऱ्याची श्रेणी’ म्हणा. आणि वारा नसताना नुसत्या भरून आलेल्या आभाळाला ‘वादळ’ म्हणणारं कोणी जुनं माणूस गोव्यात पेडणे, सत्तरी या तालुक्यांकडे कुणाच्या घरात असेल, तर ते पूर्ण वाक्य जसंच्या तसं मला लिहून पाठवा.