कोल्हापुरात घरच्या मरीन टँकमध्ये लँटर्नफिश (पोटाखाली चमकणारे ठिपके असलेला खोल समुद्रातला छोटा मासा) पाळता येईल का? रत्नागिरीहून आणता येईल का? वर आणला की दाब कमी होऊन फुटेल असं वाटतं. आणि टँकमध्ये हवा सोडणारा एअरपंप कितपत लागेल?

पाळता येणार नाही. पण तुम्ही लिहिलंय तसा 'दाब कमी होऊन फुटेल' म्हणून नव्हे. अरबी समुद्रातली लँटर्नफिशची एक जात, बेंथोसेमा टेरोटम, हा जेमतेम ४-५ सेंटिमीटरचा मासा. दिवसा तो साधारण २००-३०० मीटर खोल असतो आणि रात्री आपणहून वरच्या १०० मीटरांत चरायला येतो. दाब आणि तापमानातले मोठे बदल त्याच्या रोजच्या अंगवळणी पडलेले असतात.

त्याला मारतं ते जाळं. खवले इतके सैल की जाळ्यात घासूनच निघून जातात. कातडी सोलली की समुद्राच्या खाऱ्या पाण्यात अंगातलं पाणी झिरपून जातं आणि मासा काही तासांत संपतो. त्यातून वाचलाच, तर काच. उघड्या समुद्रात भिंत ही गोष्टच नसल्यामुळे तो धडकत राहतो. खायला जिवंत कोपेपॉड (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) लागतात. पॅकेटमधल्या दाण्याला तोंड लावेल ही आशा सोडा.

एअरपंपचं म्हणाल, तर गंमत आहे. अरबी समुद्रात सुमारे १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळपास नसल्यात जमा असतो, आणि हा मासा दिवसभर तिथेच लपतो. मोठ्या शिकारी माशांना तिथे तग धरता येत नाही. पोटाखालच्या ठिपक्यांतला निळसर प्रकाश त्याच्या स्वतःच्या पेशी तयार करतात, जिवाणू नव्हे. वरून येणाऱ्या अंधुक उजेडाशी तो जुळवला की खालून पाहणाऱ्याला माशाची सावली दिसत नाही.

आंबा घाटातून कोल्हापुरात येणाऱ्या बांगडा-सुरमईच्या पेट्यांत हा सापडणार नाही, कारण कोकणासमोरचा समुद्र दूरवर उथळ आहे आणि नेहमीच्या होड्या तेवढ्यातच फिरतात. केरळात कोल्लमकडच्या खोल समुद्रातल्या कोळंबीच्या ट्रॉलरना मात्र लँटर्नफिशच्या काही जाती कोळंबीसोबत मिळतात. ओळखीतून बर्फातले नमुने मागवा. अभ्यासाला तेवढे पुरतात.

बर्फ थंड पाण्यात हळू वितळू द्या, मासा चोळू नका. जात ओळखायची ती प्रकाशठिपक्यांची संख्या आणि जागा पाहून, आणि कातडीबरोबर ठिपकेही जातात. म्हणून टिकवण्याआधीच भिंगाखाली मोजून फोटो काढा. मग बाजारातलं फॉर्मलिन १ भाग, पाणी ९ भाग या द्रावणात दोन दिवस, नंतर साध्या पाण्यात एक दिवस, शेवटी ७० टक्के अल्कोहोल. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. फॉर्मलिनची वाफ वाईट. माशाच्या कानाच्या आतले बारीक खडे (ओटोलिथ) काढून वय पाहायचं असेल, तर त्या माशाला फॉर्मलिन लावूच नका, त्यातल्या आम्लाने खडे विरघळतात. तो थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.