चित्रकलेची चार वर्षं वाया गेली का?

प्रिय पोरी,
सप्रेम आशीर्वाद.

पत्र आणि स्केचेस मिळाली. संभाजीनगरला चित्रकलेत चार वर्षं घालवली, आता यूएक्स डिझाइनकडे, म्हणजे अ‍ॅप आणि वेबसाइट वापरायला सोप्या करण्याच्या कामाकडे जायचं, तर ती वाया गेली का, असं विचारतेस. अजिबात नाही. रंगांची जाण आहे, हात साफ आहे, त्यामुळे तू देखणी स्क्रीन काढशीलच. पण तेवढ्यावर या कामात निभाव लागत नाही. मला आवडलं ते मोंढ्यातल्या हमालाचं स्केच. पोतं पाठीवर घेताना त्यानं मागचा पाय कसा रोवलाय, ते तू नेमकं टिपलंस. माणूस काय करतो हे इतकं बारकाईनं बघता येणं, हेच तुझं भांडवल.

म्हणून फिग्माची, म्हणजे स्क्रीन आखायच्या त्या सॉफ्टवेअरची, घाई करू नकोस. ते सरावानं येतं. आधी वही घेऊन गावी जा. २०२१पासून शेतकरी ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी नोंद, स्वतःच मोबाइलवर करतात, उभ्या पिकाचा फोटो काढून. भर उन्हात सोयाबीनमध्ये उभं राहून कुणी नोंद करत असेल, तर शेजारी थांब. स्क्रीनवर सावली धरण्यात एक हात गुंतला की बटण कोणत्या बोटानं दाबतात? कोणता शब्द दोनदा वाचतात? पोराला हाक कुठे मारतात? तिथल्या तिथे रेखाटून घे. मध्ये बोलू नकोस, मदतही करू नकोस. हे फार जड जातं बघ, कारण वडीलधारं माणूस अडलं की आपला हात आपसूक पुढे होतो. पाच जणांना असं बघितलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात, असं या क्षेत्रातले नामवंत अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलं. माझाही अनुभव तोच आहे.

मग स्क्रीन काढायला बस. छायाप्रकाशाचा अभ्यास इथे कामी येतो. पांढऱ्यावरची फिकट करडी अक्षरं खोलीत छान वाटतात, उन्हात दिसतच नाहीत. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, हवा, असा वेबचा सर्वमान्य निकष आहे. अक्षरलेखनही सोडू नकोस. इंग्रजीच्या मापानं आखलेल्या बटणात ‘नोंदणी’ लिहिलं की अनुस्वार कापला जातो, ‘पुढे’चा उकार खालच्या रेघेला टेकतो. विंडोजवरचा मंगल फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी सुलेखनकार होते. मराठी पडद्यावर नीट उमटायची तर अक्षर कळणारी माणसं अजून कितीतरी हवी आहेत, हे मी कळकळीनं सांगते.

पुढे शिकायचं असेल तर मुंबई आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, इंटरॅक्शन डिझाइनचं एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) आहे. त्यासाठी सीड (CEED) ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्या दुसऱ्या भागात ड्रॉइंगही तपासतात. तुला ते जमेल. नंबर नाही लागला तरी वाट बंद होत नाही, कारण नोकरी देणारे आधी पोर्टफोलिओ, म्हणजे तुझ्या कामांचा संग्रह, बघतात. त्यात नावाजलेल्या अ‍ॅपांचे नवे मुखवटे भरू नकोस. हे एकच काम ठेव, पण सगळं दाखव: काय बघितलंस, तुझा कोणता अंदाज खोटा ठरला, काय बदललंस, आणि बदलल्यावरही माणसं कुठे अडली. शेवटचं लपवू नकोस. मुलाखतीत खरा संवाद तिथूनच सुरू होतो.

पाच जणांचं झालं की वहीच्या पानांचे फोटो पाठव. साफ करू नकोस, रंगही भरू नकोस. दिवाळीत मी लातूरला आहे, तेव्हा वही घेऊनच ये.

तुझी,
मावशी